डाव्या हाताचा पीळ

धूर पहिल्यांदा मला दिसला.

जाखमातेची ओटी भरून आम्ही परत निघालो होतो. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, सकाळची दहाची वेळ. आमच्या खारवीवाड्यात तेव्हा रीत होती, की पावसाळ्यानंतर होडी पाण्यात घातली की पहिली फेरी मासळीसाठी करायची नाही. त्या फेरीत घरच्या बायकांना खाडीच्या तोंडापलीकडे देवीला न्यायचं. वर्षातून तेवढाच दिवस आम्ही होडीवर पाय ठेवायचो. एरवी होडी पुरुषांची. पावसाळ्यात ती वाळूवर चढवली, की बायकांनी घरात बसून कापूस तेलात भिजवून त्याचे पीळ वळून द्यायचे आणि पुरुषांनी ते फळ्यांच्या फटींत ठोकून वरून राळ-डांबर लावायचं. पीळ वळणारा हात होडीला लागू द्यायचा नाही, असा दंडक होता.

मी एकवीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झालेली. ह्यांचं नाव पुंडलिक. आता ते नाहीत, म्हणून नाव लिहिते.

जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे शिडावर गेलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे धाकू तांडेल, होडीचे प्रमुख, सुकाणूवर होते आणि खुशीत होते. परतताना वारा तोंडावर आला. ह्यांनी शीड उतरवून डोलकाठीपाशी गुंडाळून ठेवलं आणि इंजिन सुरू केलं, तसे मामंजी गप्प झाले. गेल्या वर्षीच बसवलेलं ते इंजिन त्यांच्या पायापाशीच एका लाकडी पेटीत होतं. त्याची धडधड त्यांच्या तळपायांत शिरायची, आणि ती त्यांना सोसत नसे.

मी आणि मथुरा वन्सं गुंडाळलेल्या शिडावर बसलो होतो. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. सणाला माहेरी आली होती. जिभेला धार भारी.

“पुंडल्या,” ती ओरडून म्हणाली, “तुझ्या ह्या धडधडीत माझं गाऱ्हाणं देवीला ऐकायला गेलं असेल का रे?”

“देवी बहिरी नाय, अक्का. तुझं गाऱ्हाणं पलीकडच्या वाडीलाही ऐकायला गेलं.”

मग तिचा मोर्चा माझ्याकडे वळला. देवळात ओटीची गाठ मी डाव्या हातानं बांधली होती, ते तिनं बघितलं होतं. देवीसमोर तरी उजवा हात वापर गो, म्हणाली. मी जन्माची डावरी. माहेरी आईनं हातावर मारून मारून जेवण्यापुरता उजवा हात शिकवला होता, बाकी सगळी कामं डाव्यानंच व्हायची.

मामंजींनी सुकाणूवरून मान वळवली. ते म्हणाले, “तिच्या हातचे पीळ बघ आधी. तिचा पीळ फटीत बसला की दोन पावसाळे हलत नाय. तुझ्या आईला पण तसा जमत नव्हता.”

वन्सं नाक मुरडून बाहेर बघायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली तेव्हाच मला तो धूर दिसला. पेटीच्या झाकणाच्या कडेनं एक बारीक, निळसर धागा वर येत होता.

निघताना ह्यांनी पेटीची पूजा केली होती. मामंजींनी झाकणावर अंथरलेल्या कापडावर झेंडूचा हार घातला होता, उदबत्ती लावली होती. मला वाटलं तीच असेल. पण उदबत्ती केव्हाच विझून तिची काडी उरली होती, हेही मला दिसत होतं. तरी मी बोलले नाही. सासऱ्यांसमोर सुनेनं होडीच्या बाबतीत तोंड उघडायचं नसतं. मी वन्संच्या कानात सांगितलं. ती आधी म्हणाली, असू दे. मग तिनं स्वतः बघितलं. ह्या सगळ्यात किती वेळ गेला असेल? वीस श्वासांचा. ते वीस श्वास मी आजपर्यंत मोजत आले आहे.

“पुंडल्या, तुझी उदबत्ती अजून जळते काय?”

हे वळले, आणि ह्यांचा चेहरा बघून मला कळलं की ही उदबत्ती नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. इंजिन बसवायला बंदरावरचे हसनभाई फिटर आले होते. काम झाल्यावर त्यांनी पेटीच्या झाकणाला मधोमध एक भोक पाडलं, अंगठा आणि तर्जनी जुळवल्यावर होतं तेवढं. त्यात सागवानी खुंट बसवला आणि खुंटाला लाल दोरी बांधली. इंजिनाबरोबर आग विझवायचा लाल बाटलाही आला होता, तो झाकणाजवळच बाहेर टांगला.

मामंजी भडकले होते. आपण आणि आपल्या बापानं सगळा जन्म होड्यांची भोकं बुजवण्यात घालवला, आणि हा माणूस चांगल्या फळीला मुद्दाम भोक पाडतो, असं ते वाडाभर सांगत सुटले. हसनभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तांडेल, कधी आत आग लागली तर झाकण उघडायचं नाय. उघडलं तर वारा आत जातो, आणि आग उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. आधी तेलाची चावी बंद करायची. मग खुंट ओढायचा, बाटल्याची नळी भोकातून आत घालायची आणि दाबायची. तरी झाकणाला हात लावायचा नाय. ते गार पडेपर्यंत बसून राहायचं.” आणि ह्यांच्याकडून त्यांनी ते तीनदा म्हणवून घेतलं.

हे बोलणं झालं तेव्हा मी घरात चुलीपाशी होते. मला ते पुढे दवाखान्यात कळलं. आम्हा बायकांच्या कानावर आली ती फक्त भोकावरून झालेली भांडणं. आणि पहिल्याच मोसमात खुंट ढिला होऊन त्यातून खारं पाणी इंजिनावर ठिबकलं, तेव्हा हे दोन दिवस हात काळे करून बसले होते आणि त्या भोकाच्या नावानं खडे फोडत होते, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

तर त्या सकाळी ह्यांनी सगळं बरोबर केलं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे लोक वाटेल ते बोलले. ह्यांनी तेलाची चावी फिरवली. इंजिन बंद झालं. एकदम इतकी शांतता झाली की पेटीच्या आतली आग आम्हाला ऐकू आली. कुणीतरी मोठं कापड झटकावं, तसा आवाज. धागा होता तिथे आता धुराची पट्टी झाली होती. ह्यांनी बाटला उतरवला, कडी काढली, नळी हातात घेतली, आणि पेटीवर वाकून, कापड बाजूला सारून लाल दोरीसाठी हात पुढे केला.

लाल दोरी नव्हती.

खुंट नव्हता. भोक नव्हतं. झाकणावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डांबराचा गुळगुळीत काळा थर होता.

हे तसेच वाकून राहिले. मग मान वर करून ह्यांनी मामंजींकडे बघितलं. कमरेची सुरी काढली आणि अंदाजानं मधोमध खुपसली. डांबराचा पापुद्रा निघाला. खाली कापूस होता, घट्ट, लाकडासारखा. सुरी त्यात रुतायची, पण तो सुटत नव्हता. ह्यांनी दोन-तीनदा उचकटून बघितलं. झाकणावरचं डांबर आता मऊ होऊन चमकायला लागलं होतं. तेलाची टाकी पेटीला लागूनच होती, आणि होडीवर आम्ही दोघी होतो. किनारा लांब होता. वन्संना पोहता येत नव्हतं आणि मलाही.

“झाकण नको उघडूस,” मामंजी म्हणाले.

“मग काय करू?”

ह्यांनी झाकण चार बोटं उचललं. नळी आत घालण्यापुरतं. तेवढंच.

भप्पकन आवाज झाला. आगीची जीभ नव्हती ती. एक अख्खा माणूस आतून उठून उभा राहावा तशी ती उभी राहिली. ह्यांचे दोन्ही हात त्यात होते. ह्यांनी नळी सोडली नाही, म्हणून ते हात आणखी क्षणभर त्यात राहिले. मग हे मागे पडले. झाकण आपटून बंद झालं. हे ओरडले नाहीत. वन्सं ओरडली.

मामंजींनी सुकाणू सोडलं. साठीचा माणूस, पण आम्हाला शिडावरून अक्षरशः ढकलून त्यांनी ते अख्खं शीड ओढत आणलं. “पाणी,” एवढंच म्हणाले. मी बादली घेतली. मी खाडीचं पाणी ओढत होते आणि ते शीड भिजवून पेटीवर पसरत होते, कडा पायांनी दाबत होते. पदरावर पदर. शेवटी ते स्वतःच त्यावर पालथे पडले आणि दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारून राहिले. शिडातून वाफ निघत होती. मी पाणी ओतत राहिले, शिडावर आणि त्यांच्या पाठीवर.

हळूहळू वाफ कमी झाली. ज्या शिडाला इंजिनानं हटवलं होतं, त्यानंच वारा तोडून आग मारली. पण ते तेव्हा कुणाच्या मनात येणार? हे डोलकाठीला टेकून बसले होते. हात मांडीवर उलटे ठेवलेले. त्या हातांकडे मी एकदाच बघितलं.

पलीकडच्या वाडीचा मचवा धूर बघून आमच्याकडे येत होता. वन्संनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं झाकणाकडे बघितलं. उकरलेल्या डांबरातून पांढरा कापूस दिसत होता.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. “ते भोक कुणी बुजवलं?”

मामंजी शिडावर उठून बसले होते. अंगावरची चामडी लाल झाली होती. त्यांनी त्या कापसाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “मी.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात ह्यांना ठेवलं. तोंडावरचं भाजणं वरवरचं होतं, ते भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. हातांबद्दल काही बोलत नव्हते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळले होते, लहान मुलं घट्ट बांधून निजवतात तसे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की हात राहतील, पण बोटं मिटतील की नाही ते आता सांगता येणार नाही. तांडेलाच्या मुलाची बोटं. दोर, सुकाणू, जाळं, सगळं त्या बोटांत.

पहिले दोन दिवस ह्यांनी अन्न घेतलं नाही. वन्संनं भरवायला बघितलं, मी बघितलं. हे तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, हा माणूस जेवला नाही तर अंग भरून येणार कशानं?

हसनभाई आले. इंजिन बघून आले होते. तेलाची नळी तडकून तेल तापलेल्या धुराड्यावर ठिबकत होतं, म्हणाले. होतं असं, म्हणून तर भोक. मग व्हरांड्यात बसलेल्या मामंजींसमोर जाऊन उभे राहिले.

“तांडेल, तुम्हाला मी समजावून सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.”

“मग?”

“भोक बघवत नव्हतं मला,” मामंजी म्हणाले.

हसनभाई वळून निघून गेले. वन्सं मात्र बोलली. सगळ्या व्हरांड्यासमोर बोलली. इंजिनाच्या रागापायी तुम्ही पोटचा पोर जाळलात, आजपासून तुमच्या हातचं पाणी मी पिणार नाय, म्हणाली. मामंजींनी मान हलवली. जणू कुणी भरती किती वाजता आहे ते सांगत होतं.

मी भिंतीला टेकून उभी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडत होते. रोग्यांच्या घरची माणसं तिथेच रांधायची. मामंजी घरी जाऊन आले होते. तांदूळ आणले होते. त्यांनी पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि उकिडवे बसले. मग बंडीच्या खिशातून दोन वस्तू काढून दगडावर ठेवल्या. एक लाल दोरी बांधलेला सागवानी खुंट. दुसरा कापसाचा बोटभर लांब पीळ, अर्धा जळलेला.

“खुंट तांदळाच्या मडक्यामागं होता,” ते म्हणाले.

मी चुलीचा दगड सरकवला.

“आपल्या घरात सगळे पीळ उजवीकडं वळतात. हा डावीकडं वळलाय.”

मग मी सांगितलं. सांगताना मी चुलीच्या दगडांशी बोलत होते. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी पिळांची टोपली घेऊन वाळूवर गेले होते. पुरुष जेवायला गेले होते, आणि हे सुटा भाग आणायला शहरात. झाकण काढून वाळूवर ठेवलं होतं. खुंट बाजूला पडला होता. पाऊस आला, आणि त्या भोकातून पाण्याची धार खालच्या वाळूत पडताना मी बघितली. मला वाटलं, ह्याच भोकासाठी हे दोन दिवस काळे हात करून बसले होते. मला वाटलं, एकदा माझा हात ह्यांच्या होडीला लागू दे. मी हातोडी घेतली. तीन पीळ एकात एक घालून ठोकले. इतके छान बसले ते. होडीला हात लावला म्हणून कुणाला सांगितलं नाही. खुंट चांगल्या लाकडाचा होता, टाकवला नाही, म्हणून घरी आणला.

“ते कशासाठी होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मामंजी.”

“कोण सांगणार?” ते म्हणाले. “बायकांना होडीतलं काही सांगत नाय आपण.”

मी उठले. ह्यांना जाऊन सांगते म्हटलं.

“बस.”

मी बसले.

“जेवून आलो तेव्हा मी ते बघितलं,” मामंजी म्हणाले. “भोक बुजलेलं बघितलं. कुणी बुजवलं ते पीळ बघूनच कळलं. ते कशाला आहे ते मला माहीत होतं, तुला नव्हतं. आणि मला बरं वाटलं. आपल्याला करायचं धाडस नव्हतं, ते पोरीनं केलं म्हणून बरं वाटलं. मी वरून डांबर फिरवलं, दोन हात. पुंडलिक आल्यावर बोललो नाय. त्याला वाटलं, खुंट पूजेच्या कापडाखाली हाय. त्यानं बघितलं नाय, मी बघू दिलं नाय.”

पलीकडच्या चुलीवर कुणाची तरी पेज उतू जात होती.

“पहिला हात तुझा, दुसरा माझा. सांगायचा तो माझाच.”

“पण वन्सं… वाडा काय म्हणेल तुम्हाला?”

“म्हणू दे. माझ्यावर रागावून कुणाचं काय अडणार हाय? त्याचे हात गेलेत, द्वारके. उद्यापासून तो जेवणार तुझ्या हातानं, अंघोळ करणार तुझ्या हातानं. त्या हातावर राग धरला तर तो जगेल कशावर?”

मग त्यांनी खुंट आणि पीळ उचलून चुलीत सरपणावर ठेवले आणि काडी ओढली. तेलातला कापूस तो. लगेच पेटला. त्याच जाळावर मी भात टाकला.

मामंजी पुढे नऊ वर्षं जगले. सुकाणूला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. वाड्यात त्यांना तांडेल म्हणणारं कुणी उरलं नाही. पोराला जाळणारा म्हातारा, एवढीच ओळख राहिली. वन्सं माहेरी यायची ती स्वतःच्या कळशीतलं पाणी घेऊन. मी दर वेळी तोंड उघडायची, आणि मामंजी ओट्यावरून माझ्याकडे नुसते बघायचे. मी तोंड मिटायची. ते गेले तेव्हाही मी बोलले नाही. हे गेले तेव्हाही नाही. आज वन्संही नाही, म्हणून लिहिते आहे.

पण मला आठवतो तो त्या सकाळचा भात.

मऊ, पाणीदार भात, वर मीठ. मी ताटली घेऊन ह्यांच्या खाटेवर बसले. हे छताकडे बघत होते. मी उजव्या हातानं घास घेतला. दुसऱ्याला भरवायची त्या हाताला सवय नव्हती. शितं ह्यांच्या भाजलेल्या हनुवटीवर पडली आणि ह्यांनी डोळे मिटले.

“बाबांनी का बुजवलं गो ते?”

“त्यांना ते भोक बघवत नव्हतं.”

“त्यांना माहीत होतं ते कशाला हाय.”

“होय,” मी म्हटलं. “माहीत होतं.”

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मी पुन्हा घास उचलला, पुन्हा शितं सांडली. हे पट्ट्यांतल्या हातांकडे बघत होते. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, “उजव्यानं नको. डाव्या हातानं भरव. तुझा तोच हात चांगला.”

मी ताटली उजव्या हातात घेतली. डाव्या हातानं भात कालवला. घास पुढे केला. ह्यांनी तोंड उघडलं.